"कोणी दाबलं रे?" : फ्रीमॉन्टच्या कारखान्याचं प्रकरण

चाकणला एका पार्ट बनवणाऱ्या कंपनीत मी असेंब्ली लाइन सांभाळतो, चौदा वर्षं झाली. आमच्याकडे प्रत्येक स्टेशनला एक लाल बटण आहे, दाबलं की वर दिवा लागतो आणि बझर वाजतो, याला अँडॉन म्हणतात हे या पट्ट्यात काम करणाऱ्यांना सांगायला नको. पाचेक वर्षांपूर्वी सेकंड शिफ्टला बझर वाजला, डिस्पॅचची गाडी गेटवर उभी, टार्गेटला बरेच पीस कमी, आणि मी टेबलावरून उठून धावत गेलो तर माझ्या तोंडातून पहिलं वाक्य काय निघालं, "कोणी दाबलं रे?" स्टेशन सहाचा पोरगा, बीडकडचा, कंत्राटी, लागून दोन महिने झालेले, त्याने हात वर केला. वर्गातली काच कोणी फोडली म्हणून मास्तर विचारतात तेव्हा पोरं जसा हात वर करतात ना, अगदी तसा, कोपरापासून अर्धाच. क्लिप नीट बसत नव्हती म्हणून त्याने दाबलं होतं. मी अंगठ्याने जोर लावून क्लिप बसवली, "अशी बसते, जोर लाव जरा" म्हणालो, रिसेट मारला, लाइन चालू.

तो पोरगा पुढे पाच महिने होता आमच्याकडे, परत एकदाही त्याने ते बटण दाबलं नाही. आणि क्लिपचा तो लॉट आठ दिवसांत कस्टमरकडून परत आला, मोल्ड झिजला होता, क्लिपच्या दाताला धार राहिली नव्हती. त्याच्या बोटाला जे कळलं होतं ते मला कळून घ्यायचं नव्हतं. सॉर्टिंगला बसलो तेव्हा तो माझ्या शेजारीच बसून पीस तपासत होता, एक शब्द बोलला नाही.

तेव्हापासून मी अमेरिकेतल्या एका कारखान्याच्या मागे लागलोय, जे मिळेल ते वाचलंय. मॅनेजमेंट शिकवणारे लोक हे प्रकरण सांगतात, पण बहुतेक वेळा घाईत आणि "जपानी लोकांची शिस्त" असं म्हणून सोडून देतात. मला ते पटत नाही, कारण या गोष्टीतली बहुतेक माणसं जपानी नव्हतीच. म्हणून सगळं नीट लिहितो.

कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीच्या पूर्वेला फ्रीमॉन्ट गाव आहे, तिथे जनरल मोटर्सचा म्हणजे जीएमचा मोठा असेंब्ली प्लांट होता, साठच्या दशकाच्या सुरुवातीपासूनचा. सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्याची अवस्था अशी होती की जीएमच्या सगळ्यात वाईट प्लांटमध्ये त्याचं नाव घ्यायचे. गैरहजेरी २० टक्क्यांच्या आसपास. सोमवारी सकाळी इतकी माणसं गायब असायची की लाइन सुरूच करता यायची नाही, मग समोरच्या बारमध्ये जाऊन माणसं गोळा करून आणायचे. आत दारू चालायची, जुगार चालायचा, नशापाणी चालायचं. युनियनच्या हजारो तक्रारी निकालात न निघता पडून होत्या आणि कोणत्याही दिवशी न सांगता संप. कामगार मॅनेजमेंटवरचा राग गाडीवर काढायचे, दरवाज्याच्या पत्र्याच्या आत रिकामी बाटली सोडून द्यायचे म्हणजे गिऱ्हाईक आयुष्यभर खडखड कुठून येते ते शोधत बसेल, बोल्ट मुद्दाम ढिले ठेवायचे.

आता हे वाचून कोणीही म्हणेल, माणसंच बेकार. जीएमचं पण हेच मत होतं. पण त्याच प्लांटचा एक नियम बघा, तो मला या सगळ्या दारू-जुगारापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. लाइन कधीच थांबवायची नाही. काहीही होवो. चुकीचं इंजिन बसलं, ब्रेकचा पार्ट राहिला, गाडी पुढे ढकला, शेवटी यार्डात उभी करा, तिथे रीवर्कवाले बघतील. म्हणजे माणसाला डोळ्यांनी दिसतंय की आपण चुकीची गाडी बनवतोय आणि त्याला सांगितलंय की तू बघू नकोस, तू फक्त पुढे पाठव. असं दहा वर्षं जो रोज आठ तास करेल त्याच्या मनात त्या गाडीबद्दल आणि स्वतःबद्दल काय शिल्लक राहणार? मार्च १९८२ मध्ये जीएमने प्लांटला टाळं लावलं, हजारो लोक घरी गेले.

इथे टोयोटा येते. तेव्हा अमेरिकेत जपानी गाड्या इतक्या खपत होत्या की १९८१ पासून जपानने स्वतःहून निर्यातीवर मर्यादा घालून घेतली, अर्थात अमेरिकेच्या दबावामुळेच. मग टोयोटाला अमेरिकेतच गाड्या बनवणं भाग होतं, पण आपली पद्धत अमेरिकन कामगारांबरोबर चालेल की नाही याची त्यांना धास्ती होती. जीएमला छोटी गाडी नफ्यात बनवता येत नव्हती आणि टोयोटा ते कसं करते हे बघायचं होतं. दोघांची गरज जुळली, १९८३ च्या फेब्रुवारीत करार झाला, कंपनीचं नाव न्यू युनायटेड मोटर मॅन्युफॅक्चरिंग, सगळे त्याला नम्मी म्हणायचे. जागा तीच, फ्रीमॉन्टचा बंद पडलेला प्लांट. चालवणार टोयोटा.

मग प्रश्न आला माणसांचा. अमेरिकेच्या वाहन कामगारांची युनियन, यूएडब्ल्यू, अडून बसली की जुनीच माणसं घ्यायची. टोयोटाला आधी ते नको होतं, तिच्या जागी कोणीही असता तरी नकोच म्हणाला असता, पण शेवटी कबूल झाले. तीन तीन दिवसांची निवड प्रक्रिया होती, मॅनेजमेंट आणि युनियन दोघं मिळून माणसं बघायचे, आणि सुरुवातीला जे साधारण २,२०० लोक घेतले त्यातले जवळजवळ ८५ टक्के जुन्या फ्रीमॉन्टचे होते. जी पुढारी मंडळी जीएमशी रोज भांडायची तीसुद्धा आत. म्हणजे तीच माणसं, तीच युनियन, तीच इमारत. गाड्या बनायला लागल्या डिसेंबर १९८४ मध्ये, शेवरोले नोव्हा नावाने, मुळात ती टोयोटाची कोरोलाच.

दोन वर्षांत गैरहजेरी ३-४ टक्क्यांवर आली. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी तेव्हा तीन प्लांट मोजले होते. जीएमच्या फ्रेमिंगहॅमला एक गाडी जोडायला माणसांचे ३१ तास लागायचे आणि दर १०० गाड्यांत १३५ दोष निघायचे. जपानातल्या टोयोटाच्या ताकाओका प्लांटला १६ तास आणि ४५ दोष. आणि नम्मीला १९ तास आणि ४५ दोष. दोषांच्या बाबतीत जपानच्या बरोबरीला. ज्यांनी दरवाज्यात बाटल्या सोडल्या होत्या त्यांनी हे केलं. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा कितीतरी वेळ तेच पान उघडं ठेवून बसलो होतो, कारण मी स्वतः आठवड्यातून दोनदा तरी "पोरंच चांगली मिळत नाहीत" म्हणत असतो.

तर नेमकं काय बदललं.

१९८४ मध्ये टोयोटाने टीम लीडर आणि ग्रुप लीडर म्हणून निवडलेल्या चारशेच्या वर लोकांना तुकड्या तुकड्यांनी जपानला नेलं, टोयोटा सिटीला, तीन तीन आठवडे ताकाओकाच्या लाइनवर उभं केलं. वर्गात बसवून लेक्चर कमी, शेजारी जपानी कामगार आणि हातात काम. यातल्या बऱ्याच जणांनी नंतर सांगितलेली गोष्ट एकच आहे. काम अंगावर आलं, मागे पडायला लागलो, तर कोणीतरी आलं आणि विचारलं, मदत करू का? फ्रीमॉन्टमध्ये वर्षानुवर्षांच्या नोकरीतही हे वाक्य ऐकलं नव्हतं, तिथे मागे पडलास तर सुपरवायझर येऊन ओरडायचा. आणि एखादी अडचण सांगितली, हे टूल हाताला नीट बसत नाही म्हटलं, तर लगेच ते टूल बदलून बघायचे. शेवटच्या दिवशी निरोपाच्या पार्टीत दोन्हीकडचे लोक रडले म्हणतात, भाषा येत नसताना. मला हे अजिबात अतिशयोक्त वाटत नाही, ज्याला वीस वर्षांत कोणी विचारलं नाही त्याला एकदा कोणी विचारलं की असंच होणार.

आता दोरी. नम्मीमध्ये लाइनच्या बाजूने डोक्यावर दोरी होती, तेच आपल्याकडच्या बटणाचं मूळ. लोकांना वाटतं दोरी ओढली की लाइन थांबते, तसं नाही, आणि हा बारकावा समजल्याशिवाय सगळं प्रकरण समजत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. प्रत्येक स्टेशनचं काम साधारण एका मिनिटाचं. फ्लोअरवर खुणा असतात, गाडी या खुणेपर्यंत आली म्हणजे तुझं एवढं काम झालेलं पाहिजे. नसेल झालं तर तुला स्वतःलाच कळतं की आपण मागे आहोत, तू दोरी ओढ. ओढली की धून वाजते, वरच्या बोर्डवर तुझ्या स्टेशनचा दिवा लागतो आणि टीम लीडर तुझ्याकडे येतो. गाडी अजून चालतीच आहे. तुझ्या स्टेशनची हद्द संपायच्या आत दोघांनी मिळून प्रश्न सोडवला तर दोरी परत ओढायची, लाइन थांबतच नाही. नाही सुटला तरच हद्दीच्या खुणेवर येऊन थांबते. म्हणजे दोरी हे आधी मदत मागायचं साधन आहे, थांबवणं हे त्यानंतरचं. आणि ही मदत उद्याच्या मीटिंगमध्ये नाही, मेलवर नाही, त्याच मिनिटात.

हे शक्य होतं कारण टीम लहान होत्या, पाच ते आठ माणसांना एक टीम लीडर, तो त्यांच्यातलाच, युनियनचाच मेंबर, तासाला थोडे जास्त पैसे मिळणारा आणि प्रत्येक स्टेशनचं काम येणारा. आमच्याकडे एका सुपरवायझरमागे तीस-पस्तीस माणसं असतात आणि वर त्यालाच रिपोर्ट भरायचा असतो, डिस्पॅच बघायचा असतो, ऑडिटची फाइल करायची असते. बटण दाबल्यावर येणार कोण? मी उगाच माझ्यासारख्यांची बाजू घेत नाहीये, पण हे गणित कोणी मांडत नाही, सगळे थेट बटण बसवतात.

नम्मीचे पहिले प्रेसिडेंट तात्सुरो टोयोदा, टोयोटा घराण्यातलेच. त्यांचा एक किस्सा सांगतात. सुरुवातीच्या दिवसांत ते लाइनवर फिरत असताना एक कामगार मागचा दिवा बसवताना अडकला होता, पण जुन्या सवयीने दोरी काही ओढत नव्हता, साहेब समोर उभे असताना तर नाहीच. टोयोदांनी त्याला दोरी ओढायला सांगितलं, त्याने टाळलं, शेवटी त्याचा हात धरून दोघांनी मिळून दोरी ओढली. आणि नंतर टोयोदांनी त्याच्यापुढे वाकून माफी मागितली, की दोरी ओढायची हे तुमच्या मॅनेजरना आम्ही नीट शिकवू शकलो नाही. ही बातमी एका शिफ्टमध्ये प्लांटभर झाली असणार यात मला शंका नाही, शॉप फ्लोअरवर बातमी कशी पळते हे मी रोज बघतो.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगतो, कारण त्या सगळीकडे लिहिलेल्या असतात. साहेबांचं वेगळं कँटीन नाही, पार्किंग सगळ्यांना एकच. कामाचे जे ऐंशीच्या आसपास वेगवेगळे प्रकार होते, हा स्क्रू माझा आणि तो तुझा अशा थाटाचे, ते मोडून उत्पादनातल्या सगळ्यांचा एकच वर्ग केला. पगार युनियनच्या दराप्रमाणेच, काही फार जास्त नाही, हे लक्षात ठेवा.

एक गोष्ट मात्र मला थांबून सांगायचीय ती स्टॉपवॉचची. जुन्या प्लांटमध्ये इंडस्ट्रियल इंजिनिअर यायचे, ऐंशीच्या वर इंजिनिअर होते म्हणे, लांब उभं राहून घड्याळ लावायचे आणि कामाचा वेळ ठरवायचे. घड्याळवाला आला की ऑपरेटर मुद्दाम हळू हात चालवणार हे जगभर सारखंच, आपल्याकडे पण. नम्मीने ती इंजिनिअरची फौज काढून टाकली आणि स्टॉपवॉच टीमच्या हातात दिलं. तुम्हीच एकमेकांचं काम मोजा, सगळ्यात सोपी आणि सुरक्षित पद्धत कोणती ते ठरवा, तुम्हीच कागदावर लिहा, मग दोन्ही शिफ्टनी तीच वापरायची, आणि उद्या कोणाला आणखी चांगलं सुचलं तर बदला. ज्या घड्याळाला लोक वचकून असायचे तेच घड्याळ त्यांचं हत्यार झालं. १९९१ मध्ये तिथल्या कामगारांनी दहा हजारांच्या वर सूचना दिल्या आणि त्यातल्या ८० टक्क्यांवर अमलात आल्या. आमच्या सजेशन बॉक्सची चावी गेली दोन वर्षं सापडत नाहीये.

आणि आता जे मला सगळ्यात शेवटी कळलं पण घडलं सगळ्यात आधी. दोरीच्या आधी वचन दिलं होतं. कंपनीने युनियनबरोबरच्या करारात लिहून दिलं की कंपनीच्या अस्तित्वावरच येत नाही तोपर्यंत कोणाला कमी करणार नाही, आणि तशी वेळ आलीच तर आधी साहेब लोकांचे पगार कापू, बाहेर दिलेली कामं परत आत आणू, मग बाकीचं. कागदावर असं बरंच काही लिहिता येतं. पण १९८८ मध्ये खरंच वेळ आली. नोव्हाचा खप पडला, प्लांट क्षमतेच्या साठ टक्क्यांच्या आसपास चालायला लागला. कोणत्याही नेहमीच्या कंपनीने अर्धी शिफ्ट घरी पाठवली असती, जीएमने तर डोळे झाकून. नम्मीने एकालाही काढलं नाही. ट्रेनिंगला बसवलं, कायझेनच्या, म्हणजे कामात छोट्या छोट्या सुधारणा शोधणाऱ्या टीममध्ये टाकलं, रंगरंगोटी आणि दुरुस्तीला लावलं. तिथल्या लोकांचं म्हणणं असं की त्या वर्षानंतर विश्वास खरा बसला. म्हणजे प्लांट सुरू होऊन चार वर्षांनी.

हे वाचल्यावर मला माझा बीडचा पोरगा वेगळा दिसायला लागला. मी इतके दिवस समजत होतो की माझ्या एका वाक्याने तो गप्प झाला. ते तर झालंच. पण ज्याला माहितीये की सात महिन्यांनी आपला करार संपणार आणि आपण परत गावाकडे किंवा दुसऱ्या ठेकेदाराच्या दारात, तो लाइन थांबवून स्वतःचं नाव सगळ्यांच्या लक्षात आणून का देईल? त्याच्यासाठी बटण ही जोखीम होती, आणि त्याने ती एकदा घेऊन बघितली होती.

आता दुसरी बाजू. जीएमला नम्मी आतून बघायला मिळत होतं, करारच तसा होता, आपले मॅनेजर तिथे शिकायला पाठवत होते. मग जीएम सुधारली का? लॉस एंजेलिसजवळ व्हॅन नाइसला त्यांचा प्लांट होता, तिथे हीच पद्धत आणायची ठरलं. दोरी बसवली, टीम केल्या. पण तिथे लोक एकमेकांचेच दुश्मन झाले, कारण जुन्या वर्गवाऱ्यांबरोबर सीनियॉरिटीने मिळवलेली सोपी कामं जाणार होती आणि फ्रीमॉन्टच्या लोकांसारखे ते दोन वर्षं बेकार राहिलेले नव्हते, त्यांना बदलायची गरज वाटत नव्हती. पण मला जास्त खटकतं ते वरच्या लोकांचं. तिथल्या मॅनेजरचं कौतुक आणि बोनस दिवसाला किती गाड्या निघाल्या यावरच ठरत होतं, मग दोरी ओढली की त्याला ते कसं सहन होईल? दोरी लटकत राहिली. १९९२ मध्ये तो प्लांट बंद झाला. जीएमच्या एका मॅनेजरला तर वरून सांगितलं होतं म्हणे की कॅमेरा घेऊन जा आणि नम्मीच्या इंचा-इंचाचे फोटो काढून आण, म्हणजे आपला प्लांट हुबेहूब तसाच करू. फोटोत दोरी येते, दोरी ओढल्यावर पुढच्या वीस सेकंदांत टीम लीडर काय बोलतो ते येत नाही.

नम्मी म्हणजे स्वर्ग होता असं मी मुळीच म्हणणार नाही आणि तसं सांगणाऱ्यांवर विश्वास पण ठेवू नका. जुन्या प्लांटमध्ये मिनिटातले ४५ सेकंद हात चालायचे, नम्मीमध्ये ५७. तीन सेकंद श्वास घ्यायला. युनियनमधल्याच एका गटाने याच्यावर कडक टीका केली, कामगार चळवळीत लिहिणाऱ्यांनी याला ताण देऊन काम करून घेण्याची पद्धत म्हटलं, आणि ते खोटं नाही. १९९३ च्या मॉडेल बदलाच्या वेळी दुखापती वाढल्या आणि कॅलिफोर्नियाच्या सुरक्षा खात्याने कंपनीवर ठपका ठेवला. कोणीतरी गैरहजर राहिला की बदली माणूस नसायचा, टीममधल्यांनाच ओढावं लागायचं, त्यामुळे आजारी पडणाऱ्यावर सोबतच्यांचाच दबाव. ज्याचे खांदे कामाने गेले त्याला तुम्ही आदर आणि टीमवर्क सांगू शकत नाही. तरीही त्यातल्या बहुतेकांना परत जुन्या पद्धतीकडे जायचं आहे का विचारलं तर ते नाही म्हणत होते, आणि मी हे दोन्ही एकत्र खरं मानतो.

आणि टोयोटाचं नाव लागलं म्हणजे सगळं आपोआप होतं असंही नाही. बंगळुरूजवळ बिडदीला किर्लोस्करांबरोबरची टोयोटा आहे, १९९७ ची कंपनी, पद्धत तीच, दोरी तीच, तरी २०१४ मध्ये पगाराच्या वाटाघाटी फिसकटल्या आणि टाळेबंदीपर्यंत गेलं, २०२० मध्ये परत. २०२४ मध्ये याच कंपनीने छत्रपती संभाजीनगरला प्लांट टाकण्यासाठी महाराष्ट्र सरकारबरोबर सामंजस्य करार केलाय. तो प्लांट उभा राहिला तर मराठवाड्यातली पोरं त्या दोरीखाली उभी राहतील, बीडची पण. त्यांना दोरी कशी ओढायची हे कोणीही पाच मिनिटांत शिकवेल.

नम्मीचं शेवटी काय झालं ते पण सांगायला हवं. २००९ मध्ये जीएम दिवाळखोरीत गेली आणि भागीदारीतून बाहेर पडली, टोयोटाने एकटीने चालवायला नकार दिला आणि १ एप्रिल २०१० ला शेवटची गाडी निघाली, लाल कोरोला. जवळपास ८० लाख गाड्या बनवून झाल्या होत्या, ४,७०० च्या आसपास लोकांची नोकरी गेली. पंचवीस वर्षं ज्यांना कमी करणार नाही म्हणून सांभाळलं त्यांना शेवटी दोन कंपन्यांच्या हिशेबात कोणी धरलं नाही, आणि हे लिहिताना मला त्रास होतो. त्याच वर्षी तो प्लांट टेस्लाने घेतला.

आता माझ्या लाइनचं. मी मालक नाही, मला वचनं देता येत नाहीत. मी एवढंच केलं की बझर वाजला की स्टेशनवर जाऊन पहिलं वाक्य बदललं, "काय अडलंय?" आणि रिसेटला हात लावायच्या आधी पीस हातात घेऊन बघायला लागलो. सुरुवातीला तीनेक आठवडे कोणीच बटण दाबलं नाही, इतकी शांतता की क्वालिटीवाला म्हणाला लाइन सुधारली वाटतं. मग एक दिवस स्टेशन चारच्या ताईंनी दाबलं, खेडच्या आहेत, कायम कामगार, बारा वर्षं झाली. स्क्रूचं डोकं गोल होत होतं. मी गेलो तर त्यांनी ड्रायव्हरचा बिट काढून माझ्या तळहातावर ठेवला, टोकाच्या चारही धारा झिजून गुळगुळीत, लहान पोराच्या पेन्सिलसारखं बोथट टोक. "सर, हा कालपासून असाच आहे," म्हणाल्या. कालपासून का नाही सांगितलं हे विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं, मी ते गिळलं. लाइन सहा मिनिटं थांबली, प्लांट हेडचा फोन आला, मी बिट घेऊन वर गेलो आणि त्यांच्या टेबलावर ठेवला. संध्याकाळी ते स्वतः खाली आले आणि ताईंना विचारलं की किती स्क्रूनंतर असं होतं. त्यांना आकडा पाठ होता. आता त्या स्टेशनला बिट बदलायचा तक्ता लावलाय, आकडा त्यांनीच सांगितलेला, आणि रोजची सही त्याच करतात.

बझर आता आठवड्यातून बऱ्याच वेळा वाजतो. पण रजिस्टर काढून बघितलं तर बटण दाबणारे जवळजवळ सगळे कायम लोक आहेत, आणि माझ्या लाइनवर अर्ध्याच्या वर पोरं कंत्राटी आहेत. त्यांच्यातल्या एकाला मी चहाच्या वेळी विचारलं, हाताने काम एकदम साफ आहे त्याचं, तर म्हणाला, "सर, माझं दिवाळीपर्यंतच आहे ना." अशी सहा जणं आहेत. त्यांना पुढे ठेवा, नावानिशी, कारणांसकट, म्हणून एचआरला मेल टाकलाय, प्लांट हेडना कॉपी ठेवलीय. उत्तर अजून यायचंय, सोमवारच्या मीटिंगमध्ये मी परत विषय काढणार आहे.